आकडा

पहाटे पाच-दहाला, पाय जमिनीला लावायच्या आधी,
पट्ट्याच्या दोन चकत्या मी जिभेने ओल्या करते
आणि छातीखाली बांधते.
पट्टा क्लबचा आहे, बिघडला तर भरून द्यायचा.
अडीच मिनिटं हलायचं नाही, खोकायचं नाही,
पंधराशेच्या शेवटच्या वळणाचा विचार करायचा नाही.
नाही म्हटलं की तोच येतो.

गावंड सरांनी पहिल्या दिवशी
मैदानाच्या मातीत काडीने ओढून दाखवलं होतं:
ठोका, ठोका, ठोका,
मधली अंतरं मुद्दाम कमीजास्त.
"घड्याळासारखं चालणारं काळीज थकलेलं असतं, पोरींनो.
ताजं काळीज थोडं बेशिस्त.
श्वास घेतला की घाई करतं,
सोडला की रेंगाळतं,
शाळेतून घरी येणाऱ्या पोरासारखं."

त्या बेशिस्तीचा मोबाइल एक आकडा करून देतो.
माझा एकाहत्तर. अवनीचा चौऱ्याऐंशी.
"तुझा आज फक्त तुझ्या कालशी लावायचा," सर म्हणतात,
तरी मी तिचा विचारतेच.

फेब्रुवारीत तो एका रात्रीत बेचाळीसवर आला.
मला काहीच होत नव्हतं.
सरांनी बूट काढून ठेवायला लावले.
तिसऱ्या दिवशी ताप भरला.
तेव्हापासून मी त्याला मानते,
देव्हाऱ्यातल्यांपेक्षा जरा जास्तच, आईला न सांगता.

नाना घरी येतात ते याच वेळी.
वाशीच्या बाजारातून कोपरखैरण्याला, सायकलने,
पन्नास-पन्नास किलोचा कांदा रात्रभर पाठीवरून उतरवून.
खिळ्याला आधी बिल्ला टांगतात, मग आकडा.
लाकडी मुठीचा, पोलादी,
टोकाला गोणीची सुतळी अडकलेली.
आमच्या घरात आकडा म्हणजे हाच.
एकोणतीस वर्षं तो गोणीत रुततो आणि निघतो,
रुततो आणि निघतो, एका चालीत.
"हिंदुराव म्हणजे घड्याळ," मुकादम म्हणतो,
कौतुकाने.

एका रविवारी मीच म्हटलं, झोपा जरा उताणे.
पट्टा पुरेना, शेवटच्या काडीपर्यंत सैल केला.
चकत्यांना नळाचं पाणी लावलं.
"शॉक बसतो का गं?"
मग अडीच मिनिटं ते पंख्याकडे बघत राहिले.
एवढा वेळ काही न उचलता.

चौदा.

सरांचं सगळं आठवून पाहिलं.
वयाने उतरतो. रात्रपाळीने उतरतो.
कुणाचा कुणाशी लावायचा नाही,
फक्त ज्याच्या त्याच्या कालशी.
पण नानांचा काल कुणी मोजलाच नव्हता.
मोजल्या होत्या त्या गोणी.

मोबाइलवर लाल पट्टी आली,
खाली एक ओळ: आज विश्रांती घ्या.
मी वाचून दाखवली.
ते इतके हसले की ठसका लागला.
"मुकादमाला पाठव की ही."
मग कुशीवर वळून, अर्धवट झोपेत, "तुझा किती?"
"तीस," मी म्हटलं.
"एवढाच? दूध वाढवायला पाहिजे तुझं."

आता सायकल लावता लावता रोज विचारतात,
"काय भाव निघाला आज?"
मी माझा सांगते, उतरवून.
त्यांचा वहीत लिहिते, शेवटच्या पानावरून उलटा:
चौदा. तेरा. चौदा. परत तेरा.
बाजार बंद राहिला त्या रात्रीनंतर, एकोणीस.

एकोणीस!
त्या सकाळी मी निसर्ग उद्यानात,
जुन्या कचऱ्याच्या पोटावर उगवलेल्या गवताच्या कडेने,
चढाच्या आठ फेऱ्या मारल्या.
सरांनी पाच सांगितल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी माझा चांगलाच पडला.
सरांनी कारण विचारलं.
झोप झाली नाही, म्हटलं.